तांबड्या ओढ्याच्या काठी

'स्पा' हा शब्द अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही सर्रास ऐकू येऊ लागला आहे. उंची हॉटेले, अंगमर्दनाची दुकाने, सुवासिक तेलांच्या जाहिराती, जिकडे पाहावे तिकडे तो झळकत असतो. परंतु हे मुळात एका लहानशा गावाचे नाव आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. बेल्जियम देशाच्या पूर्व भागात, आर्देन नावाच्या डोंगराळ व अरण्यमय प्रदेशात हे गाव वसले आहे. तेथील झऱ्यांचे पाणी थंड, किंचित फसफसणारे आणि जिभेवर लोखंडाची चव ठेवून जाणारे असे आहे. अशा लोहयुक्त झऱ्यास तेथील बोलीत 'पूऑं' म्हणतात. रशियाचा बादशहा पीटर हा १७१७ साली प्रकृतीस आराम पडावा म्हणून येथे येऊन राहिला होता, व त्याचे नाव गावातील मुख्य झऱ्यास अद्यापि आहे. युरोपातील ज्या ११ आरोग्यनगरांस युनेस्कोने २०२१ साली जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत स्पाची गणना झाली.

मौज अशी की, जगातील तरुण मंडळी ह्या गावाचे नाव घेतात ते पाण्याकरिता नव्हे, मोटारींकरिता. गावापासून थोड्याच अंतरावर फ्रँकोरशाँ नावाचे खेडे आहे. तेथे मोटारींच्या शर्यतींची एक जगप्रसिद्ध वाट आहे. ह्या वाटेच्या एका सखल भागातून एक अरुंद ओढा वाहतो. पाण्यातील लोहामुळे त्याच्या तळाचे दगड तांबूस झाले आहेत, म्हणून त्याचे नाव 'ओ रूज', म्हणजे तांबडे पाणी. उडी मारून ओलांडता येईल एवढाच हा ओढा. परंतु पहिल्या महायुद्धापूर्वी तो दोन राष्ट्रांची सरहद्द होता. अलीकडे बेल्जियम, पलीकडे जर्मनी. युद्धानंतर मालमेदी व त्याच्या आसपासचा मुलूख १९२० साली बेल्जियमकडे आला, सरहद्द पुढे सरकली, आणि ओढ्याकाठचे जकातनाके ओसाड पडले. तेथील जुन्या वळणास लोक पुढे कित्येक वर्षे 'जुने जकातनाके' असेच म्हणत.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२१ साली, फ्रँकोरशाँ, मालमेदी व स्ताव्हलो ह्या तीन गावांस जोडणाऱ्या साध्या रहदारीच्या रस्त्यांवर शर्यती सुरू झाल्या. हा त्रिकोण जवळजवळ १५ किलोमीटरांचा होता. वाटेत शेते, घरे, तारेचे खांब, सारे जेथल्या तेथे. त्यांच्यामधून मोटारी धावावयाच्या. १९२४ साली येथे पहिली चोवीस तासांची शर्यत झाली. १९३९ साली जकातनाक्याचे आखूड वळण टाळून ओढ्यापासून सरळ टेकडीवर चढणारी नवी वाट बांधण्यात आली. तिला 'रेदियों' म्हणतात, म्हणजे उभ्या चढणीची पायवाट. जुना मोठा त्रिकोण फारच धोक्याचा ठरल्यामुळे १९७९ साली तो निम्म्याहून लहान करण्यात आला. आजची वाट ७ किलोमीटरांची आहे. मात्र ओढा, चढण आणि भोवतालचे फरचे अरण्य ही पूर्वीचीच आहेत.

अशा ठिकाणी माझ्यासारख्या बाईचे काय काम, असे वाचकांस वाटेल. कारण असे घडले की, २०२४ च्या जून महिन्यात मी जर्मनीत कोलोन येथे मुलीकडे राहिले होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जवळच आखेन येथे यंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण घेत होता. आखेनच्या विद्यापीठात आपल्याकडील पुष्कळ मुले आहेत, आणि तेथून फ्रँकोरशाँ अवघे ५० किलोमीटर. ह्या मुलास छायाचित्रांचा नाद लागला होता. एक जुना कॅमेरा व हातभर लांबीचे भिंग त्याने कोणाकडून तरी विकत घेतले होते, आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस तो धावत्या मोटारींची चित्रे काढण्यात घालवी. बहिणीने मला पुण्याहून लिहिले, "ताई, तू तिकडे आहेसच, तर त्याचे हे खूळ काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहून ये. अभ्यासावर पाणी पडत असेल तर मला स्पष्ट कळव." त्या वर्षी चोवीस तासांच्या शर्यतीस शंभर वर्षे पुरी होत होती. "मावशी, येतेस का? रात्रभर जागावे लागेल," असे भाच्याने विचारले, आणि मी दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून त्याच्या व त्याच्या मित्रांच्या गाडीतून निघाले.

आर्देनचे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे उग्र नाहीत. त्यांच्या पाठी गोल, उतार मऊ, आणि वर काळपट हिरव्या फरची दाटी. हवेचा मात्र भरवसा नाही. ओढ्यापाशी ऊन असावे आणि दीड कोसावरच्या वळणावर पाऊस कोसळत असावा, हे येथे नेहमीचेच. शर्यतीची वाट टेकड्यांवरून चढते-उतरते; तिच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल जागेत सुमारे १०० मीटरांचे अंतर आहे. रेदियोंच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे ही चढण दूरचित्रवाणीवर कधीच खरी दिसत नाही, हे तत्काळ पटते. डोंगरातील घाटाची वाट कोणी सरळ करून उभी टेकून ठेवावी तसा तो रस्ता दिसतो, आणि मोटारी त्यावर जणू उतार असल्याप्रमाणे चढून जातात.

ह्या शर्यतीत साठाहून अधिक मोटारी होत्या. पोर्श, फेरारी, मर्सिडीज, बी. एम. डब्ल्यू. अशा नावाजलेल्या कारखान्यांच्या त्या गाड्या. एकेका गाडीस तीन-चार चालक, आळीपाळीने हाकणारे. पहिल्या तासात माझे कान किटून गेले. दुसऱ्या तासात निरनिराळ्या यंत्रांचे आवाज ओळखू येऊ लागले. तिसऱ्या तासापासून मी मोटारींऐवजी भाच्याकडेच पाहू लागले. कारण तो जे काही करीत होता ते मोटारी हाकण्यापेक्षा मला अधिक नवलाचे वाटले.

तो पूऑं नावाच्या वळणापाशी गवताच्या उतारावर उभा होता. वळणाचे नाव त्या लोहाच्या झऱ्यांवरूनच पडले आहे. मोटार दूर दिसताच तो कॅमेरा डोळ्याला लावी, कमरेपासून वळत वळत तिच्याबरोबर फिरे, मध्येच कोठेतरी कळ दाबी, आणि मोटार पुढे निघून गेली तरी फिरतच राही. मग पुन्हा मूळ जागी. असे शेकडो वेळा. लांबून पाहणाऱ्यास वाटावे, हा मुलगा एखादा व्यायामप्रकार करीत आहे. ह्या क्रियेस छायाचित्रकार 'पॅनिंग' म्हणतात. तिचे मर्म त्याने मला सांगितले; परंतु ते माझ्या ध्यानात आले ते एका जुन्या आठवणीमुळे.

वाचकभगिनींनी लहानपणी फुगड्या घातल्याच असतील. गिरकीला वेग आला म्हणजे काय दिसते? समोरच्या मैत्रिणीचा चेहरा, तिच्या कपाळावरचे कुंकू, सुटलेली बट अगदी स्पष्ट. आणि तिच्यामागचे अंगण, तुळशीवृंदावन, ओसरीवर बसलेली वडील मंडळी ह्यांच्या मात्र नुसत्या रेघा. वस्तुतः फिरतो आहोत आपण दोघी, आणि अंगण जागच्या जागी आहे. पण डोळ्यांस मैत्रीण स्थिर व अंगण धावते दिसते. पॅनिंग म्हणजे कॅमेऱ्याने मोटारीशी घातलेली अर्धी फुगडी होय. मोटारीच्या वेगाने कॅमेरा फिरला, तर मोटार त्याच्या दृष्टीने स्थिर राहते आणि मागची झाडे रेघा होऊन धावू लागतात.

"पण एवढा खटाटोप कशाला? तुमच्या कॅमेऱ्यांत क्षणाचाही अंश पकडता येतो ना?" असे मी विचारले. त्याने मला दोन चित्रे दाखविली. पहिल्यात कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाचा हजारावा भाग उघडी होती. मोटार लख्ख उमटली होती. चाकावरील अक्षरेदेखील वाचता येत होती. परंतु ती एखाद्या बंगल्यापुढे उभी करून ठेवल्यासारखी दिसे. चालक त्यात बसून कोणाची तरी वाट पाहत असावा, असेच कोणी म्हटले असते. दुसऱ्या चित्रात झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी होती. त्यात मोटारीचे नाक व दार स्वच्छ होते, चाकांचे आरे विरून गेले होते, आणि मागचे अरण्य हिरव्या धाग्यांचे विणलेले दिसत होते. पहिले चित्र मोटारीचे होते; दुसरे वेगाचे.

ह्यामागचा हिशेब साधा आहे. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ५० मीटर जाते. हजाराव्या भागात ती ५ सेंटिमीटर सरकते, तर पन्नासाव्या भागात पुरा १ मीटर. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर पन्नासाव्या भागात चाक जवळजवळ अर्धा फेरा घेते. म्हणून ते फिरताना दिसते. हजाराव्या भागात ते आठ अंशांइतकेच वळते, म्हणून थिजल्यासारखे वाटते. आता आपण वाटेपासून ५० मीटरांवर उभे असलो, तर मोटार अगदी समोरून जाताना तिच्याबरोबर राहण्यास सेकंदाला सुमारे ५७ अंश, म्हणजे काटकोनाच्या निम्म्याहून अधिक, वळावे लागते. आणि २५ मीटरांवर असलो तर त्याच्या दुप्पट. हे वळणेही धक्क्याधक्क्याने उपयोगी नाही. तेलाच्या धारेसारखे अखंड हवे.

म्हणून सारी विद्या पायांपासून सुरू होते. चित्र ज्या जागी घ्यावयाचे त्या जागेकडे पावले रोवावयाची, आणि कमरेपासून वरचे शरीर मात्र मोटार येण्याच्या दिशेस पिळून ठेवावयाचे. मग शरीर सैल होत होत आपोआप समोर येते, आणि नेमक्या जागी सर्वांत स्वस्थ असते. उलट केले तर ऐन वेळी शरीरास पीळ पडतो व हात थरथरतो. कोपरे बरगड्यांस टेकलेली, डाव्या हाताचा तळवा भिंगाखाली, श्वास अर्धा सोडलेला. मोटार दूर असतानाच तिच्यावरचा एखादा ठळक भाग, बहुधा दारावरचा अंक, नजरेत धरावयाचा व शेवटपर्यंत सोडावयाचा नाही. कळ दाबावयाची ती कढत दुधावरची साय बोटाने उचलावी इतक्या हळुवारपणे. आणि कळ दाबल्यावर थांबावयाचे नाही. गोलंदाजाचा हात चेंडू सुटल्यावर हवेत थबकत नाही, पुढे वाहतच जातो; तसेच हे. नवशिके कळ दाबताक्षणी थांबतात, आणि झडप उघडी असतानाच कॅमेरा मागे पडतो.

जागा निवडणे हीदेखील एक कलाच आहे. मोटार अंगावर येत असेल तर फिरण्यास वाव नाही. ती समोरून आडवी जावी लागते. वळणाच्या आतल्या बाजूस जागा मिळाली तर फारच उत्तम. कारण घाण्याचा बैल जसा लाटेपासून सदैव सारख्याच अंतरावर राहतो, तशी मोटार आपल्यापासून सारख्या अंतरावर राहते व तिचा आकार बदलत नाही. मागे काय आहे ह्यालाही महत्त्व असते. मोकळे आकाश निरुपयोगी, कारण आकाशाच्या रेघा होत नाहीत. झाडे, गर्दी, रंगीत फलक असले म्हणजे त्यांचे लुगड्याच्या काठासारखे पट्टे उमटतात. भर उन्हात आणखी एक अडचण येते: झडप फार वेळ उघडी ठेवली तर प्रकाश अतोनात आत शिरतो. तेव्हा भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, किंवा भिंगावर काळसर काच चढवावी लागते. आर्देनचे ढगाळ आकाश ह्या कामी छायाचित्रकारांचा मित्रच आहे. प्रेक्षकांच्या पुढे तारेची जाळी असते. पण भिंग जाळीच्या अगदी निकट नेले आणि छिद्र फार बारीक केले नाही, तर ती चित्रातून जवळजवळ नाहीशी होते.

नवशिक्याने एकदम मोठी उडी घेऊ नये, असेही भाच्याने सांगितले. प्रथम सेकंदाचा २५० वा भाग, तो साधला म्हणजे १२५ वा, मग ६० वा, आणि पुष्कळ दिवसांनी ३० वा. प्रत्येक पायरीस वेग अधिक दिसू लागतो, व फुकट जाणारी चित्रे वाढू लागतात. ३० व्या भागात तर कितीही निष्णात झाले तरी मोटारीचा एखादाच भाग स्वच्छ येतो. कारण नाक आपल्यासमोर असताना शेपूट अजून मागच्या कोनात असते, आणि दोन्ही भाग एकाच गतीने वळत नाहीत. तेव्हा कोणता भाग वाचवावयाचा हे आधी ठरवावे लागते. तो बहुधा चालकाचे शिरस्त्राण वाचवी.

सर्वांत विलक्षण गोष्ट मला शेवटी कळली. त्याचा कॅमेरा जुन्या धाटणीचा, आरशाचा. भिंगातून आलेले प्रतिबिंब आरशावर पडून डोळ्यास दिसते. परंतु कळ दाबली की प्रकाशास वाट देण्यासाठी आरसा वर उचलला जातो, आणि तेवढा वेळ पाहणाऱ्यापुढे केवळ अंधार. म्हणजे ज्या क्षणी चित्र उमटते, नेमका तोच क्षण चित्र काढणाऱ्यास दिसत नाही! द्रौपदीस्वयंवरात अर्जुनाने पाण्यातले प्रतिबिंब पाहून वर फिरणारा मासा विंधला, असे आपण ऐकतो. येथे तर ऐन वेळी प्रतिबिंबही हिरावून घेतले जाते. आधीची गती अंगात मुरलेली असेल तरच त्या अंधारात शरीर बरोबर फिरत राहते. अलीकडील बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हा अंधार बहुतेक उरलेला नाही. पण "मला हाच बरा," असे तो म्हणाला, "दिसत नसतानाही हात चुकू नये, हे ह्याने शिकविले."

ह्या विद्येच्या इतिहासातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रान्समध्ये मोटारींची मोठी शर्यत भरली होती. झाक-आंरी लार्तिग नावाचा तरुण काचेच्या पट्ट्यांचा कॅमेरा घेऊन वाटेच्या कडेला उभा होता. त्याच्या कॅमेऱ्यात झडप म्हणजे पडद्यातील एक अरुंद फट असे. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाई, आणि चित्र पट्टीपट्टीने उमटे. समोरून ६ अंकाची मोटार गेली, तिच्याबरोबर तो वळला. पण मोटारीचा वेग त्याच्या वळण्यापेक्षा अधिक होता. परिणाम असा झाला की, चाक लंबवर्तुळ होऊन पुढे झुकले, आणि कडेचे प्रेक्षक व खांब मागे कलले. मोटारीचे नाक चौकटीच्या बाहेरच राहिले. हे चित्र अनेक दशके बाजूला पडून होते. १९६३ साली न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा तो सत्तरीस टेकला होता, आणि जगाने त्याला थोर छायाचित्रकार म्हणून ओळखले. पुढे झुकलेले ते चाक आज वेगाची खूण म्हणूनच सर्वत्र ओळखले जाते.

त्या प्रदेशात जूनअखेरीस सूर्य मावळतो तो रात्री दहाच्या सुमारास. मग दिव्यांची शर्यत सुरू झाली. अरण्यातून पांढऱ्या-पिवळ्या दिव्यांची माळ उतरत येई, वळणापाशी चालक गतिरोधक दाबीत तेव्हा चाकांच्या आतल्या लोखंडी तबकड्या तापून निखाऱ्यासारख्या लाल दिसत, आणि पुन्हा काळोख. पावसाची सर आली की मोटारींमागे पाण्याचे धुके उठे व त्यात दिवे विरघळत. भाचा ओला होत उभाच होता. कॅमेऱ्यास त्याने माझी शाल गुंडाळली होती, स्वतःस नव्हे.

मध्यरात्रीच्या सुमारास एक मोटार वळणावर घसरली आणि गिरक्या घेत कठड्यावर आदळली. आमच्या आसपासचे पुष्कळ लोक जाळीकडे धावले. कॅमेरे व दूरध्वनी उंचावले गेले. माझी दृष्टी सहज भाच्याकडे गेली. त्याने कॅमेरा खाली घेतला होता, आणि तो जाळीला बोटे अडकवून नुसता पाहत होता. चालक स्वतःच्या पायांनी बाहेर आला, त्याने हात हलविला, तेव्हा कोठे त्याने श्वास सोडला. "काढले नाहीस?" असे मी विचारले. तो म्हणाला, "मावशी, तो बाहेर येईल की नाही हे ठाऊक नसताना कसे काढू?"

हे भय काल्पनिक नव्हते. १९६० साली ह्या जागी एकाच शर्यतीत दोन चालक प्राणास मुकले. १९६६ साली जॅकी स्ट्युअर्ट हा प्रख्यात चालक पावसात घसरून मोडक्या मोटारीत अडकून पडला. अंगावर इंधन सांडत होते, आणि मदतीची धड व्यवस्था नव्हती. त्या प्रसंगानंतर त्याने शर्यतींतील सुरक्षिततेसाठी पिच्छा पुरविला, व त्याचे फळ आज सर्व चालकांस मिळत आहे. तरीही २०१९ साली अंत्वान युबेर हा २२ वर्षांचा, आणि २०२३ साली डिलानो व्हान्ट होफ हा अवघा १८ वर्षांचा मुलगा, ह्याच वाटेवर गेला. दोघेही माझ्या भाच्याहून लहान. रेदियोंच्या भोवती २०२२ साली मोठे फेरफार करून मोकळी जागा वाढविण्यात आली. परंतु वेग आणि पाऊस ह्यांचे वैर संपलेले नाही. अशा खेळाची सुंदर चित्रे काढणे योग्य की अयोग्य, ह्याचा मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. मला असे वाटले की, थिजलेल्या चित्रात धोका लपतो. मोटार खेळण्यासारखी दिसते. ज्या चित्रात अरण्याच्या रेघा झाल्या आहेत आणि मध्ये एक शिरस्त्राण तेवढे स्थिर आहे, ते चित्र पाहणाऱ्यास निदान एवढे तरी सांगते की, येथे एक माणूस बसला आहे, आणि तो किती वेगाने चालला आहे.

पहाटे धुके उतरले. साडेपाचच्या सुमारास फरच्या शेंड्यांवर फिकट उजेड आला तेव्हा निम्मे प्रेक्षक तंबूंत झोपले होते, आणि मोटारी आपल्या तशाच फिरत होत्या. दुपारी शर्यत संपली. ॲस्टन मार्टिन ह्या इंग्लिश कारखान्याची मोटार पहिली आली. त्या कारखान्याने येथे पूर्वी जिंकले होते ते १९४८ साली, म्हणजे ७६ वर्षांपूर्वी. भाच्याने विजयी मोटारीचे चित्र घेतले की नाही, हे मी विचारलेही नाही. परतीच्या वाटेवर तो गाडीत मागे बसून चित्रे तपासत होता. चौदाशेंहून अधिक चित्रे त्याने काढली होती. एकेक पाहून तो पुसत चालला; कोणाबद्दल हळहळ नाही, कोणाबद्दल समर्थन नाही. आखेन आले तेव्हा अकरा उरली होती. त्यांतील पहाटेचे एक त्याने मला दिले: धुके, मागे काळ्या फरच्या आडव्या रेघा, आणि त्यांत एका चालकाचे निळे शिरस्त्राण, दवबिंदूसारखे स्वच्छ.

बहिणीला मी लिहिले ते असे: "तुझ्या मुलाचा अभ्यास कसा चालला आहे हे तू त्याच्या परीक्षांवरून पाहा, त्या यथास्थित होत आहेत. परंतु चौदाशेंतून अकरा निवडताना ज्याचा हात अडखळत नाही, आणि दुसऱ्याच्या संकटाच्या वेळी ज्याचा कॅमेरा आपोआप खाली येतो, त्या मुलास खूळ लागले आहे असे मला म्हणता येत नाही. खर्चाचे मात्र त्याच्याशी बोल. भिंगे महाग असतात." तिचे उत्तर एका ओळीचे आले: "जेवतो का नीट?"

ज्या घरांतील मुलांस हा नाद करावासा वाटेल, त्यांस बेल्जियमला जाण्याचे कारण नाही. भाच्याने आरंभ केला तो आखेनच्या रस्त्यावरील सायकलस्वारांपासून. आपल्या वाड्यासमोरून जाणारी सायकल, शाळेतून पळत सुटलेली मुले, गावाबाहेरची बैलगाड्यांची शर्यत, ह्यांपैकी काहीही चालेल. सायकलीचा वेग कमी, तेव्हा झडप तीसाव्या भागाइतकी उघडी ठेवून पाहावी. हल्लीच्या दूरध्वनीतील कॅमेऱ्यांतही झडपेचा वेळ ठरविण्याची सोय पुष्कळदा असते. रस्त्याच्या कडेपासून दूर, सुरक्षित जागी उभे राहावे, पावले समोर रोवावी, आणि नजर एका ठिकाणी धरून सावकाश वळावे. पहिली शंभर चित्रे फुकट जातील, असे समजूनच बसावे. सायंकाळी सर्वांनी मिळून ती पाहावी आणि कोणती ठेवावयाची हे मुलांसच ठरवू द्यावे. काढण्यापेक्षा हे काम अवघड आहे.